टाइमशेअर व्यवस्थापन करार

टाइमशेअर व्यवस्थापन करार हा टाइमशेअर पद्धतीने विकलेल्या मालमत्तेची देखभाल, शुल्कवसुली आणि वापराचे नियोजन कोणी व कोणत्या अटींवर करावे, हे ठरवणारा करार होय. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात या कराराविषयी सविस्तर कायदेशीर तरतुदी आहेत. त्या राज्याच्या अधिनियम संहितेतील प्रकरण ७२१ मध्ये दिलेल्या असून या कायद्याचे मूळ रूप १९८१ साली संमत झाले.

पार्श्वभूमी

टाइमशेअर पद्धतीत एकाच सदनिकेचे वर्षातील आठवडे निरनिराळ्या ग्राहकांना विकले जातात. वर्षात ५२ आठवडे असल्याने एका सदनिकेचे पन्नासच्या आसपास हक्कधारक असू शकतात आणि शंभर सदनिकांच्या संकुलात ही संख्या हजारोंवर जाते. हे हक्कधारक वेगवेगळ्या राज्यांत वा देशांत राहतात, एकमेकांना ओळखत नाहीत आणि संकुलात वर्षातून जेमतेम एक आठवडा येतात. देखभाल शुल्क मात्र प्रत्येकाला दरवर्षी भरावे लागते.

पहिला व्यवस्थापक सामान्यतः विकसकच नेमतो; अनेकदा तो विकसकाशी संबंधित कंपनीच असतो. त्याचे मानधन हक्कधारकांच्या शुल्कातून दिले जाते. ज्यांच्या पैशावर व्यवस्था चालते त्यांचेच तिच्यावर नियंत्रण नसणे, ही या पद्धतीतील मुख्य अडचण होय. कायद्यातील बहुतेक अटी याच अडचणीवर उपाय म्हणून आल्या आहेत.

व्यवस्थापन संस्थेची नेमणूक

फ्लोरिडाच्या कायद्यानुसार पहिला टाइमशेअर हक्क विकण्यापूर्वीच विकसकाने व्यवस्थापन संस्थेची तरतूद करणे बंधनकारक आहे. ही संस्था म्हणजे स्वतः विकसक, स्वतंत्र व्यवस्थापक किंवा व्यवस्थापन कंपनी, मालक संघाचे संचालक मंडळ अथवा यांपैकी काहींचा संयोग असू शकतो. व्यवस्थापनाच्या व्यवस्थेची माहिती ग्राहकाला द्यावयाच्या जाहीर माहितीपत्रकात असावी लागते. करारावर सही केल्यापासून किंवा आवश्यक कागदपत्रांपैकी शेवटचे मिळाल्यापासून, यांपैकी जे नंतर घडेल तेव्हापासून १० दिवसांच्या आत ग्राहक खरेदी रद्द करू शकतो. हा हक्क त्याला सोडूनही देता येत नाही.

कर्तव्ये

कायद्याने व्यवस्थापन संस्थेला हक्कधारकांच्या संदर्भात विश्वस्ताचे स्थान दिले आहे. नेमणूक विकसकाने केली असली तरी तिची निष्ठा हक्कधारकांशी असावी लागते. तिची प्रमुख कर्तव्ये पुढीलप्रमाणे आहेत:

• सदनिका व सामाईक सुविधांची देखभाल करणे
• सामाईक खर्चासाठी शुल्क गोळा करणे
• जमा व खर्चाचे बाबवार वार्षिक अंदाजपत्रक हक्कधारकांना देणे
• स्वतंत्र सनदी लेखापालाकडून वार्षिक लेखापरीक्षण करून घेणे
• हिशेबाची पुस्तके तपासणीसाठी उपलब्ध ठेवणे
• प्रत्येकाला त्याच्या हक्काचा कालावधी मिळेल असे वापराचे नियोजन करणे

अंदाजपत्रकात मोठ्या दुरुस्तीसाठी राखीव निधी दाखवावा लागतो. छप्पर बदलणे, इमारतीची रंगरंगोटी, रस्त्यांचे डांबरीकरण आणि सदनिकांतील सामान बदलणे हे खर्च त्यात येतात. आठवड्यागणिक रहिवासी बदलत असल्याने फर्निचर व उपकरणे लवकर झिजतात. त्यामुळे सामान बदलण्याची बाब येथे महत्त्वाची ठरते. योजनेच्या निधीचा हेतुपुरस्सर अपहार हा गुन्हा मानला जातो.

हक्कधारकांची यादी

सर्व हक्कधारकांची नावे व पत्ते असलेली यादी ठेवणे आणि ती किमान दर तिमाहीला अद्ययावत करणे व्यवस्थापन संस्थेवर बंधनकारक आहे. ही यादी एखाद्या हक्कधारकालाही दिली जात नाही, कारण ती व्यापारी जाहिरातबाजांच्या हाती जाण्याची शक्यता असते. परंतु यादी केवळ व्यवस्थापकाकडे राहिल्यास त्याच्या विरोधात कोणालाही संघटन करता येणार नाही. म्हणून कायद्याने मधला मार्ग काढला आहे. एखाद्या हक्कधारकाने लेखी विनंती केल्यास, मालक संघाच्या वाजवी कामकाजासंबंधीचा त्याचा मजकूर व्यवस्थापन संस्थेने यादीतील सर्वांना पाठवावा लागतो. त्याचा खर्च विनंती करणाऱ्याने द्यावयाचा असतो. व्यवस्थापकाला हटवण्यासाठी मतांची मागणी करणारा मजकूरही या तरतुदीत बसतो.

नूतनीकरण व समाप्ती

मालक संघ असलेल्या योजनांत व्यवस्थापनाचा करार दर तीन वर्षांनी आपोआप नूतनीकृत होतो. हक्कधारकांनी मतदान करून व्यवस्थापकाला दूर केल्यासच तो संपतो. त्यासाठी मतदान करणाऱ्यांपैकी किमान ६६ टक्के मते त्याला हटवण्याच्या बाजूने पडावी लागतात. याशिवाय एकूण मतांपैकी किमान ५० टक्क्यांचीही अट आहे. विखुरलेल्या हक्कधारकांना ही संख्या गाठणे सोपे नसते. त्यामुळे पत्रे पाठवण्याच्या वरील तरतुदीला व्यवहारात विशेष महत्त्व येते. व्यवस्थापक हटल्यानंतर नवा नेमण्याची जबाबदारी संचालक मंडळावर असते. मंडळाने ती पार न पाडल्यास हक्कधारक न्यायालयाकडे प्रशासक नेमण्याची मागणी करू शकतो.

थकबाकी

शुल्क थकवणाऱ्या हक्कधारकाला व्यवस्थापन संस्था त्याच्या आठवड्याचा वापर नाकारू शकते. मात्र तशी लेखी सूचना त्याचा कालावधी सुरू होण्याच्या किमान ३० दिवस आधी द्यावी लागते.

इतर ठिकाणच्या तरतुदी

युरोपीय संघाचा २००८/१२२ क्रमांकाचा निर्देश प्रामुख्याने विक्रीच्या टप्प्याशी संबंधित आहे. त्यानुसार ग्राहकाला ठरावीक नमुन्यात माहिती मिळावी लागते, १४ दिवसांत करारातून माघार घेता येते आणि त्या मुदतीत त्याच्याकडून आगाऊ रक्कम घेण्यास मनाई आहे.

भारतात टाइमशेअरसाठी स्वतंत्र केंद्रीय कायदा नाही. गोवा, महाबळेश्वर, लोणावळा अशा पर्यटनस्थळी उपलब्ध असलेल्या योजनांत ग्राहकाला बहुधा मालमत्तेची मालकी न मिळता ठरावीक वर्षांसाठी वापराचे सदस्यत्व मिळते. व्यवस्थापन विक्रेत्या कंपनीकडेच राहते. वाद उद्भवल्यास भारतीय करार अधिनियम, १८७२ आणि ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ यांचा आधार घेतला जातो. वार्षिक शुल्कातील वाढ, आरक्षणाचे नियम आणि सदस्यत्व सोडण्याच्या अटी यांबाबत त्यामुळे मूळ कराराचा मजकूरच प्रथम पाहिला जातो.