दोन वर्षांचे अंतर
बडोदे राज्यातील मुलींची शाळा आणि विद्यापीठ

सुरत शहराच्या पूर्वेस, बार्डोलीकडे जाणाऱ्या रस्त्यावर पर्वत पाटिया नावाचा भाग आहे. नावात पर्वत असला तरी भोवती साधे टेकाडही नाही. पाटिया म्हणजे पाटी. हमरस्ता सोडून आतल्या गावाकडे वळावयाचे तेथे गावाच्या नावाची पाटी असते, आणि अशा थांब्यालाच या प्रांतात पाटिया म्हणण्याचा प्रघात आहे. पर्वत हे मूळचे चोऱ्याशी तालुक्यातील खेडे. आज ते शहराने पोटात घेतले आहे. साड्यांचा व्यापार, यंत्रमाग व रंगाईचे कारखाने यांच्या आश्रयाने खानदेशातून आलेली मराठी कुटुंबे या पूर्व भागात हजारांनी राहतात. ताप्तीकाठच्या रेल्वेने भुसावळ, जळगाव, नंदुरबार या बाजूची माणसे सुरतेस सहज येऊन पोहोचतात, आणि येथे आल्यावर बहुधा येथलीच होतात.

एके काळी या भागाच्या जवळूनच दोन राज्यांची सीमा जात असे. सुरत व चोऱ्याशी इंग्रजांचे. पलसाणे, कामरेज हे शेजारचे तालुके मात्र गायकवाडांच्या नवसारी प्रांतातले. माती एक, पीक एक, बोली एक, सोयरीकही एकमेकांत होणारी. पण मुलीला शाळेत न धाडणे हा सीमेच्या अलीकडे कोणताही गुन्हा नव्हता. पलीकडे १९०६ पासून तो दंडास पात्र झाला. राज्यकर्त्याच्या एका निर्णयाने दोन शेजारच्या शेतांतील मुलींचे बालपण निराळे व्हावे, ही गोष्ट इतिहासाच्या अभ्यासकाने थांबून पाहण्यासारखी आहे. ती अधिक बारकाईने पाहिली म्हणजे दुसरीही एक गोष्ट दिसते, आणि या लेखाचा विषय मुख्यतः ती दुसरी गोष्ट होय.

सयाजीराव गायकवाड हे नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या गावचे. १८७५ साली दत्तक म्हणून बडोद्यास आणले गेले तेव्हा बारा वर्षांच्या गोपाळरावाला अक्षरओळख नव्हती. शाळेची वाट उशिरा दिसलेल्या या शेतकऱ्याच्या मुलाने अधिकार हाती येताच शाळेचा ध्यास घ्यावा, यात नवल नाही. १८९३ मध्ये अमरेली तालुक्यातील काही गावांत सक्तीच्या मोफत शिक्षणाचा प्रयोग त्यांनी सुरू केला, आणि १९०६ मध्ये तो कायद्याने सर्व राज्यास लागू केला. या कायद्याचे विशेष असे की मुलींनाही त्याने आपल्या कक्षेत घेतले. १९११ साली गोपाळ कृष्ण गोखले यांनी केंद्रीय विधिमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले तेव्हा दाखला दिला तो बडोद्याचाच. तेथे शाळेच्या वयातील शंभरांपैकी सुमारे ऐंशी मुलगे शाळेत होते, आणि मुलींपैकी निम्म्याला थोड्या कमी. ब्रिटिश हिंदुस्थानात हेच प्रमाण मुलग्यांत एकवीस-बावीस, तर मुलींत अवघे चार होते. हे आकडे ऐकून सभागृहातील सरकारी सभासद गप्प झाले असतील असे वाटते. परंतु विधेयक मात्र पुढे फेटाळले गेले.

आता ही दुसरी गोष्ट. १९०६ च्या कायद्यात सक्तीचे वय मुलग्यांस सात ते बारा असे होते. मुलींस सात ते दहा. म्हणजे ज्या कायद्याने मुलीला शाळेचे दार उघडले, त्याच कायद्याने तिला भावापेक्षा दोन वर्षे आधी घरी पाठवले. कोणी हे द्वेषाने केले नव्हते. दहा वर्षांची मुलगी धाकट्या भावंडांना सांभाळते, पाणी आणते, आई शेतावर गेली की चूल पेटवते. तिला बारा वर्षांपर्यंत शाळेत अडकवली तर कायदा कोणी पाळणार नाही, हा व्यवहारी विचार त्यामागे असणार. शिवाय शिक्षिका थोड्या होत्या, आणि वाढत्या वयाच्या मुलीला पुरुष मास्तरांच्या पुढे बसविण्यास खेड्यांतील पालक नाखूष असत. राज्याने बडोद्यात स्त्री-शिक्षिकांसाठी अध्यापन विद्यालय काढले होते. पण एका शहरातले विद्यालय शेकडो गावांना पुरे पडणे शक्य नव्हते.

या वयाच्या शेजारी आणखी एक वय ठेवून पाहावे. १९०४ च्या बडोदे राज्याच्या बालविवाह-प्रतिबंधक कायद्याने मुलीच्या लग्नाचे किमान वय बारा ठरविले होते. दंड भरून त्याआधीच लग्न उरकणारी कुटुंबेही पुष्कळ होती. शाळा दहाव्या वर्षी संपते आणि बाराव्या वर्षी लग्न कायदेशीर होते. मधली दोन वर्षे ती काय करते, याविषयी दोन्ही कायदे मौन आहेत. भावाची शाळेतली शेवटची दोन वर्षे आणि बहिणीची लग्नाच्या वाटेवरची दोन वर्षे ही एकच दोन वर्षे होत. चौथी-पाचवीच्या वयाचे हे अंतर दिसावयास क्षुल्लक आहे. पण वाचता येणे आणि वाचन टिकणे यांमधला फरक नेमका त्याच वयात पडतो, हे कोणताही प्राथमिक शिक्षक सांगेल.

बडोद्याला दोष देताना त्या काळचे इतर प्रांत विसरून चालणार नाही. गोखल्यांच्या विधेयकातदेखील सक्ती प्रथम मुलग्यांपुरतीच होती. मुलींचा विचार नंतर करावयाचा होता. १९२० साली पुणे नगरपालिकेपुढे सक्तीच्या शिक्षणाचा प्रश्न आला तेव्हा पैसा अपुरा आहे, तेव्हा आधी मुलगे, असे म्हणणाऱ्यांत लोकमान्य टिळकांसारखे लोकनायक होते. त्यावरून पुण्यात जाहीर सभा गाजल्या. त्या वादाकडे आज पाहताना असे वाटते की पुण्याने मुलींना उघडपणे थांबा म्हटले म्हणून तेथे भांडण झाले. बडोद्याने या म्हटले, आणि किती काळ, ते कायद्याच्या कलमात लहान अक्षरांत लिहिले. म्हणून तेथे भांडण झाले नाही.

प्राथमिक शाळेच्या वर माध्यमिक शाळा, तिच्या वर कॉलेज. मुंबई विद्यापीठाने स्त्रियांना पदवी परीक्षेची परवानगी १८८३ मध्ये दिली. कॉर्नेलिया सोराबजी या नाशिकला जन्मलेल्या मुलीने डेक्कन कॉलेजातून १८८८ च्या सुमारास पदवी मिळविली आणि ती या विद्यापीठाची पहिली स्त्री पदवीधर ठरली. विलायतेस जाण्याची सरकारी शिष्यवृत्ती मात्र ती स्त्री असल्यामुळे तिला मिळाली नाही. नंतर काही काळ तिने अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात शिकविले. विद्यार्थी अर्थातच पुरुष होते. दार उघडे असणे आणि दारापर्यंत जाण्याचा रस्ता असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे त्या एका चरित्रातही दिसते.

बडोदे राज्यात हा रस्ता ज्यांना सापडला त्यांत हंसा मेहता हे सर्वांत ठळक नाव. त्यांचा जन्म ३ जुलै १८९७ रोजी सुरतेस झाला. आजोबा नंदशंकर मेहता हे ‘करण घेलो’ या गुजरातीतील पहिल्या कादंबरीचे कर्ते. वडील मनुभाई आधी बडोदे कॉलेजात तत्त्वज्ञानाचे अध्यापक व पुढे बडोद्याचे दिवाण. तत्त्वज्ञान घेऊन १९१८ साली त्या बडोदे कॉलेजातून पदवीधर झाल्या व नंतर इंग्लंडला शिकावयास गेल्या. १९२४ मध्ये डॉ. जीवराज मेहता यांच्याशी त्यांनी विवाह केला. नागर ब्राह्मण कन्येने वैश्य कुळातील वर करावा हे तिच्या ज्ञातीला रुचले नाही. महाराजांचा मात्र या विवाहास पाठिंबा होता. जीवराज मेहता हे अमरेलीचे, सक्तीच्या शिक्षणाचा पहिला प्रयोग जेथे झाला तेथले. अशा योगायोगांतून अर्थ काढू नये हे खरे, पण ते नजरेतून निसटूही नयेत.

हंसाबाईंची शिडी मात्र १९०६ च्या कायद्याने उभी केलेली नव्हती. ती घरात होती: आजोबांचा ग्रंथसंग्रह, वडिलांचे पद, राजवाड्याशी संबंध. पलसाण्याच्या शेतकऱ्याची जी मुलगी दहाव्या वर्षी शाळेतून निघाली तिला या शिडीची पहिली पायरीही दिसणे शक्य नव्हते. म्हणून राज्याने स्त्रीशिक्षणात किती प्रगती केली हे हंसाबाईंच्या मोठेपणावरून मोजणे चुकीचे होईल. याच न्यायाने, महाराणी चिमणाबाईंनी १९११ साली स्त्रियांच्या स्थितीवर इंग्रजीत ग्रंथ प्रसिद्ध केला आणि १९२७ मध्ये पुण्याला भरलेल्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या पहिल्या अधिवेशनाचे अध्यक्षपद भूषविले, हेही गौरवाचे आहे. पण ते शिखराचे वर्णन आहे, पायथ्याचे नव्हे.

महाराष्ट्रात याच सुमारास दुसरा एक प्रयत्न चालू होता. धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ मध्ये स्त्रियांसाठी स्वतंत्र विद्यापीठ काढले. मातृभाषेतून शिक्षण आणि स्त्रीजीवनास उपयुक्त असा वेगळा अभ्यासक्रम ही त्याची वैशिष्ट्ये. १९२० साली ठाकरसी कुटुंबाच्या पंधरा लाखांच्या देणगीने त्यास स्थैर्य आले. कर्व्यांच्या भूमिकेत करुणा होती आणि व्यवहारही होता: चालू विद्यापीठाची परीक्षा बहुसंख्य मुलींना झेपेपर्यंत आयुष्य निघून जाईल, त्यापेक्षा झेपेल तेवढे आज द्यावे. बडोद्याच्या दहा वर्षांच्या मर्यादेमागील विचार याहून फार दूर नव्हता. हा साम्याचा मुद्दा कर्व्यांच्या चाहत्यांस बोचेल याची जाणीव आहे. पण जे झेपेल ते ठरवणारा पुरुष असतो आणि ते घेणारी मुलगी, हे दोन्हीकडे खरे आहे.

हंसाबाईंचा दोन्ही परंपरांशी संबंध आला. कर्व्यांच्या विद्यापीठाच्या त्या कुलगुरू होत्या, आणि १९४९ मध्ये बडोद्यास महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाल्यावर त्याच्याही कुलगुरू झाल्या. मुले-मुली एकत्र शिकतात अशा विद्यापीठाची कुलगुरू होणारी भारतातील पहिली स्त्री त्याच. विद्यापीठाची स्थापना ३० एप्रिल १९४९ ची. दुसऱ्या दिवशी, १ मे रोजी, बडोदे राज्य मुंबई प्रांतात विलीन झाले. म्हणजे राज्याने शेवटच्या दिवशी ज्याचे दान केले ते हे विद्यापीठ. त्याच्या आधीच्या वर्षी, १९४८ मध्ये, मानवी हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्याच्या पहिल्याच कलमातील पुरुषवाचक इंग्रजी शब्द बदलून तेथे सर्व मानव असा अर्थ देणारा शब्द घालावयास हंसाबाईंनी लावले होते. आपल्या भाषेतही हा प्रश्न आहे. माणूस शब्दात बाई येते असे आपण म्हणतो, आणि ती आली की तिला बाईमाणूस म्हणून वेगळी काढतो.

बडोद्याच्या विद्यापीठात १९५० मध्ये गृहविज्ञानाची विद्याशाखा निघाली. स्त्रीशिक्षणाचे स्वरूप काय असावे हा जुना प्रश्न नव्या इमारतीत आला. पण त्याचे हंसाबाईंनी दिलेले उत्तर पाहावयाचे तर ते त्यांच्या कुलगुरुपदाच्या काळात न शोधता नंतरच्या समितीत शोधावे. मुलगे व मुली यांचे अभ्यासक्रम निराळे असावेत काय, याचा विचार करण्यासाठी त्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, आणि तिचा अहवाल १९६४ मध्ये प्रसिद्ध झाला. केवळ लिंगभेदावर अभ्यासक्रमात भेद करू नये, हे त्याचे सार. कोठारी आयोगाने त्यास दुजोरा दिला. १९०६ च्या कायद्यात ज्या राज्याने वयाचा भेद केला, त्याच राज्यातील एका पदवीधर स्त्रीने ५८ वर्षांनी भेदाच्या मुळाशीच हात घातला. १९५० च्या राज्यघटनेने चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व बालकांसाठी जी अपेक्षा व्यक्त केली तीत मुलगा-मुलगी असा शब्द नव्हता. ती हक्क म्हणून अमलात येण्यास २०१० साल उजाडले.

सुरतेत स्वतःचे विद्यापीठ आले ते १९६५ च्या कायद्याने. पुढे त्यास कवी नर्मदांचे नाव मिळाले. नर्मदांनी विधवेशी विवाह करून आपल्या लिहिण्याची किंमत चुकविली होती, तेव्हा नाव अनुरूपच आहे. त्याहून जुनी गोष्ट वनिता विश्राम या संस्थेची. १९०७ मध्ये शिवगौरी गज्जर व बाजीगौरी मुनशी या दोन विधवांनी ती सुरू केली, आणि २०२१ मध्ये तिचे स्त्रियांचे विद्यापीठ झाले. वेगळे की एकत्र, हा कर्वे-मेहता वाद असा या शहरात अद्याप संपलेला नाही.

२०११ च्या जनगणनेत गुजरातेतील पुरुषांची साक्षरता ८५.७५ टक्के व स्त्रियांची ६९.६८ टक्के आढळली. सुरत जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे स्त्रिया फक्त ७८७ होत्या. परप्रांतीय कामगारांच्या एकट्या येण्याचा त्यात मोठा वाटा. पर्वत पाटियाच्या वस्तीत मात्र कुटुंबे आहेत, आणि घरोघरी साडीला टिकली, खडा, लेस लावण्याचे काम नगावर चालते. ते बहुधा स्त्रियाच करतात. महानगरपालिकेच्या मराठी शाळांतून त्यांची मुले शिकतात.

अशाच एका घरी प्रस्तुत लेखकाने मुलांच्या शिक्षणाची चौकशी केली. खडे चिकटविता चिकटविता बाई म्हणाल्या, मुलगी दहावी झाली सर, पोरगा कॉलेजात आहे. पुढे का नाही घातली, असे विचारल्यावर त्यांनी क्षणभर हात थांबविला. “घातली असती. पण कॉलेज लांब पडतं, दोनदा बस बदलावी लागते. घरी कामाला हातही लागतो. मग दोन वर्षांत स्थळ आलं.” आवाजात तक्रार नव्हती, आणि मुलगी शिकलेली आहे याचा अभिमान स्पष्ट होता.

या विषयाचे खरे साधन कायद्यांच्या पुस्तकांत नाही, ते शाळांच्या दप्तरांत आहे. प्रत्येक जुन्या शाळेत जनरल रजिस्टर असते, त्यात शाळा सोडल्याची तारीख आणि कारण यांचे रकाने असतात. नवसारी प्रांतातील आणि खानदेशातील ज्या शाळा शंभरी ओलांडून उभ्या आहेत तेथील शिक्षकांनी हे दोन रकाने मुलींच्या नावापुढे काय सांगतात ते उतरून काढले, तर पलसाण्याच्या त्या मुलीविषयी आज अंदाजाने जे लिहावे लागते ते नावनिशीवार लिहिता येईल. कागद जुने आहेत. वाळवीच्या आधी तेथे पोहोचावयास हवे.