राजनांदगावची गाडी आणि लक्ष्मीबाईंच्या ओव्या

शाळेत आपण रेव्हरंड ना. वा. टिळकांची घायाळ पक्षिणीची कविता पाठ केली होती. हे टिळक काही काळ आपल्या नागपूरचे रहिवासी होते, हे मला कळले ते फार उशिरा, लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ वाचताना. 1891च्या सुमारास ते इथे आले आणि अप्पासाहेब बुटींच्या आश्रयाने संस्कृत ग्रंथांचे काम करू लागले. मन मात्र थाऱ्यावर नव्हते. एकदम भडकायचे, न सांगता घरातून निघून जायचे. 1893 साली नागपूरहून राजनांदगावला जाताना डब्यातल्या एका गोऱ्या सहप्रवाशाशी गप्पा झाल्या आणि त्याने बायबल हातात ठेवले. (आपल्यापैकी भिलाई-रायपूरला जाणारे आजही डोंगरगडवरून त्याच मार्गाने जातात.) डोंगरावरच्या प्रवचनाने टिळकांना पकडले ते पकडलेच. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

आमच्या चर्चमध्ये ही गोष्ट साधारण इथेच थांबते. मला पुढची जास्त महत्त्वाची वाटते. ज्या श्रद्धेने टिळकांच्या जिवाला शांती दिली, तिनेच लक्ष्मीबाईंचे घर मोडले. अकराव्या वर्षी लग्न झालेली, सोवळ्या-ओवळ्यात वाढलेली ही बाई. नवरा जिवंत असून परका झाला. पदरी लहानगा दत्तू. त्याला घेऊन त्या नातलगांकडे, काही काळ पंढरपुरात राहिल्या. अशा माणसाला ‘देवावर विश्वास ठेव’ म्हणून सांगणे सोपे असते, पण कोणत्या देवावर?

त्यांनी घाई केली नाही. दुःखाच्या त्या दिवसांतच त्या पद्य रचू लागल्या. पुढे टिळकांजवळ राहायला गेल्या, तेव्हाही आपले सोवळे त्यांनी लगेच सोडले नाही. जातपात देवाने केली की माणसाने, हा प्रश्न त्यांनी स्वतःच सोडवला आणि मगच, 1900 साली, बाप्तिस्मा घेतला. नवऱ्याने ओढले म्हणून गेल्या, असे म्हणणाऱ्यांनी ‘स्मृतिचित्रे’ नीट वाचलेले नसावे.

टिळकांनीही एक गोष्ट ओळखली होती. विलायती चालींवर बसवलेली भाषांतरित गीते मराठी माणसाच्या पोटातले दुःख बाहेर काढत नाहीत. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. म्हणून त्यांनी अभंग लिहिले, भजने रचली, कीर्तने केली. त्यांची कितीतरी गीते ‘उपासना संगीत’मध्ये आहेत.

त्या पुस्तकाचा उपयोग मला 2021च्या एप्रिलमध्ये समजला. बाबा गेले. अंत्यविधीला चार माणसे. मी बंगळुरूत अडकलेली. त्या महिन्यात आपल्या वर्गातल्या कुणाकुणावर काय गुदरले ते आपण सगळे जाणतोच. आई दिवसभर बोलत नसे. रात्री आठला मात्र ती आणि चर्चमधल्या दोघी बायका फोनवर एक गीत म्हणत, एक स्तोत्र वाचत. आवाज मागेपुढे व्हायचे, नेटवर्क तुटायचे. मी इकडून ऐकत असे. पुढे आईला डॉक्टरांच्या गोळ्याही घ्याव्या लागल्या आणि त्याने तिची प्रार्थना कमी झाली नाही. मी रोज प्रोग्रॅममधल्या चुका शोधणारी; हे गाणे नेमके कुठे लागू पडते, ते मला अजून सापडलेले नाही. पण आठ वाजण्याआधी ती केस विंचरून, चष्मा लावून बसू लागली, हे मी व्हिडिओ कॉलवर पाहिले आहे.

9 मे 1919 रोजी टिळक गेले. दहा वर्षांपूर्वी सुरू केलेले त्यांचे ‘ख्रिस्तायन’ अर्धवट राहिले; थोडेच अध्याय झाले होते. लक्ष्मीबाई कधी शाळेत गेल्या नव्हत्या. अक्षरओळख झाली तीही लग्नानंतर, टिळकांकडून. ख्रिस्ताची कथा ओवीत सांगण्याची मराठीतली वाट जुनी आहे. फादर स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ 1616चे. पण लक्ष्मीबाईंना ओवीसाठी इतक्या मागे जायची गरज नव्हती, ती बायकांच्या जात्यावर होतीच. नवऱ्याचे ते अपुरे काव्य त्यांनी पुढ्यात घेतले आणि एकेक करत आणखी 64 अध्याय लिहून पुरे केले.