दिनविशेष – ७ मार्च २०११ : अरुणा शानबाग खटल्याचा निकाल

मुंबईच्या केईएम रुग्णालयात १९७३ साली सफाई कामगाराने केलेल्या पाशवी हल्ल्यानंतर परिचारिका अरुणा शानबाग ३७ वर्षे अंथरुणाला खिळून होत्या. त्यांचे अन्न थांबवून त्यांना मरण येऊ द्यावे, ही पत्रकार पिंकी विराणी यांची याचिका सर्वोच्च न्यायालयाने या दिवशी फेटाळली. अरुणाच्या वतीने बोलण्याचा हक्क तिला रोज न्हाऊ-खाऊ घालणाऱ्या केईएमच्या कर्मचाऱ्यांचा, असे न्या. मार्कंडेय काटजू आणि न्या. ज्ञानसुधा मिश्रा यांनी ठरवले. इतक्या वर्षांत तिच्या अंगावर एकही शय्याव्रण नव्हता, याची नोंद निकालपत्रात आहे. कायद्याच्या कीसापेक्षा हीच ओळ बोलकी वाटते. गंमत अशी की, याचिका फेटाळणाऱ्या याच निकालाने उच्च न्यायालयाच्या परवानगीने उपचार थांबवण्याची, म्हणजे निष्क्रिय दयामरणाची, वाट देशात प्रथमच मोकळी केली. स्वतः अरुणा १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने गेल्या. सन्मानाने मरण्याचा हक्क जगण्याच्या हक्कातच येतो, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१८ मध्ये सांगितले आणि उपचार नाकारणारे इच्छापत्र आधीच लिहून ठेवण्यासही मान्यता दिली.