निर्वात नलिका-विवर्धकातील घटकांची वारंवार नादुरुस्ती

निर्वात नलिकांवर, म्हणजे बाजारातील बोलीत व्हॉल्व्हवर, चालणाऱ्या ध्वनिविवर्धकात एखादा रोधक, धारित्र किंवा खुद्द नलिका बदलल्यावरही थोड्याच अवधीत पुन्हा निकामी झाली, की नव्या जिनसाच्या प्रतीला बोल लावण्याची कारागिरांत रीत आहे. परंतु त्याच जागी दुसऱ्यांदाही तोच घटक जळाला असेल, तर त्याच्यावर अन्य ठिकाणाहून मर्यादेबाहेर भार येत आहे असे गृहीत धरून शोध मागच्या टप्प्याकडे नेणे हेच युक्त होय. जळालेला रोधक अशा प्रकरणात बहुधा फिर्यादी असतो, आरोपी नव्हे.

आरोपींत अग्रमान द्यावयाचा तो दोन टप्पे जोडणाऱ्या धारित्राला, ज्यास कारागीर कपलिंग कंडेन्सर म्हणतात. आधीच्या नलिकेच्या प्लेटवरील दीड-दोनशे व्होल्टांचा एकदिश दाब अडवून केवळ प्रत्यावर्ती संकेत पुढच्या ग्रिडपर्यंत जाऊ देणे हे त्याचे काम. जुन्या मेणकागदी धारित्रात दमट हवेने ओल शिरली म्हणजे ते गळू लागते, आणि ग्रिडपासून चासीपर्यंतचा रोधक ४७० किलोओहमांचा असल्यास अवघ्या ४ मायक्रोअँपिअरांच्या गळतीने ग्रिडवर जवळजवळ २ व्होल्टांचा धन दाब उभा राहतो. ईएल ८४ ही नलिका एकेरी प्रदान टप्प्यात २५० व्होल्टांवर चालविताना कॅथोडखाली १३५ ओहमांचा रोधक घालतात. प्लेट व स्क्रीन मिळून सुमारे ५३ मिलिअँपिअर प्रवाह वाहत असल्याने त्याच्या टोकांवर ७.२ व्होल्टांच्या आसपास दाब मिळावयास हवा. तेथे ९ व्होल्ट दिसले, तर प्रवाह ६६ मिलिअँपिअरांवर गेला आणि प्लेटवरील उष्णता १२ वॅटांची विहित मर्यादा ओलांडून १४-१५ वॅटांना पोहोचली, असे साधा हिशेबच सांगतो. मग दिवे मालवले असता प्लेट लालसर तापलेली दिसते, कॅथोडचा रोधक करपतो, एकदिशकारक नलिका व प्रदान रोहित्र यांच्यावर ताण येतो, आणि मालक बिचारा दर खेपेस नवी नलिका आणून बसवितो.

ही गळती ओहममापकाच्या दोन-चार व्होल्टांच्या घटावर पुष्कळदा उघडकीस येत नाही, कारण पुरता दाब चढल्यावाचून ती प्रकट होत नाही. सबब शहानिशा चालू यंत्रातच करावी लागते. प्रदान नलिका बैठकीतून काढून यंत्र सुरू करावे आणि उच्च रोधाच्या मीटरने रिकाम्या बैठकीच्या ग्रिडवरील दाब मोजावा: तो धन राहिला तर धारित्र दोषी, आणि नलिका परत बसविल्यावरच उद्भवला तर बहुधा नलिकेतील निर्वातच बिघडला आहे. नलिका काढल्याने पुरवठ्याचा दाब चढतो, म्हणून ही चाचणी रेंगाळत ठेवू नये.

स्क्रीनचा रोधक वारंवार जळत असेल, तर प्लेटवर दाब पोहोचतो की नाही हे प्रथम पाहावे. प्रदान रोहित्राचे प्राथमिक वेटोळे तुटले असता प्लेट रिकामी राहते आणि प्रवाहाचा बोजा नाजूक स्क्रीनवर पडतो. रोहित्र नव्याने बसविताना त्याच्या तारांची अदलाबदल झाली, तर ऋण पुनःप्रदाय धन होऊन यंत्र स्वतःच आंदोलने करू लागते. ती श्रवणमर्यादेच्या वरची असली तर कानाला काहीच न कळता रोधक मात्र तापत राहतात. याहून खेदाची बाब म्हणजे दुरुस्तीच्या हौसेने निर्माण झालेले दोष: जीझेड ३४ या एकदिशकारक नलिकेपुढील पहिल्या धारित्राची कमाल मर्यादा ६० मायक्रोफॅरड असताना, गुरगुर घालविण्यासाठी तेथे याच्या दुप्पट-तिप्पट धारित्र जोडणारा गृहस्थ त्या नलिकेचे आयुष्य स्वहस्ते तोडीत असतो. २२० व्होल्टांसाठी वेटाळलेले रोहित्र २४० व्होल्टांवर चालविल्यास ६.३ व्होल्टांचा तंतुदाब ६.९ च्या घरात जाऊन सहनमर्यादेच्या काठावर येतो, आणि इतर सर्व दाबही त्याच प्रमाणात चढतात. ध्वनिक्षेपक न जोडता मोठा संकेत देणे तर सर्वथा वर्ज्य. त्यावेळी प्राथमिक वेटोळ्यात उसळणाऱ्या दाबाने आवरण फुटून नलिकेच्या बैठकीत ठिणग्या पडतात.

दुरुस्तीनंतर पहिल्यांदा वीज देताना ६० किंवा १०० वॅटांचा तंतुदिवा मालिकेत जोडावा, ज्याला दुकानांत सिरीज बल्ब म्हणतात. दिवा एकदा उजळून मंद झाला तर यंत्रात मोठा शॉर्ट नाही असे समजून पुढील मापे घ्यावीत. प्रखर राहिला तर तत्काळ बंद करावे. मापांचा तपशील, विशेषतः प्रत्येक कॅथोडवरील दाब, वहीत टिपून ठेवल्यास पुढील नादुरुस्तीत त्याची रुजवात घालता येते.

यंत्र बंद केल्यावरही गाळणीच्या धारित्रांत तीनशे-चारशे व्होल्टांचा दाब काही काळ टिकून राहतो. तो योग्य रोधकातून रिता करून मीटरवर शून्याची खातरजमा केल्यावाचून कोणीही चासीत हात घालू नये.