सुई, कंबर आणि डोकं

पीएचडीने मला दोन गोष्टी दिल्या, पदवी आणि कंबरदुखी. पदवी भिंतीवर आहे, कंबर मात्र सोबत हिंडते. सात-आठ महिने गोळ्या आणि व्यायाम करून झाल्यावर इथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अ‍ॅक्युपंक्चर करून बघा. पैसे विमा देईल." बायकोला अर्धशिशीचा जुना त्रास आहे. मी लगेच विचारलं, तिलाही टोचाल का? "टोचेन की. पण ते पैसे तुम्हाला भरावे लागतील."

डॉक्टर तीच, सुई तीच. मग कंबरेला फुकट आणि डोक्याला विकत, हा कुठला न्याय? इंजिनियरला असं कोडं पडलं की चैन पडत नाही. मी शोधत गेलो.

जर्मनीत दहातले जवळजवळ नऊ लोक सार्वजनिक आरोग्य विम्यात आहेत. त्यामुळे विम्याने कशाचे पैसे द्यायचे हा सगळ्यांच्याच खिशाचा प्रश्न. लोक हौसेने सुया टोचून घेत होते, पण पुरावा तोकडा होता. म्हणून ऑक्टोबर २००० मध्ये डॉक्टर आणि विमा संस्थांच्या संयुक्त समितीने ठरवलं: जुनी कंबरदुखी, गुडघ्याची झीज आणि जुनी डोकेदुखी, यांसाठी पैसे मिळतील, पण फक्त चाचणीचा भाग म्हणून. त्यातून उभ्या राहिलेल्या चाचण्यांपैकी एक मालिका म्हणजे 'गेराक'.

कंबरेच्या चाचणीत ११६२ रुग्ण होते, सरासरी आठ वर्षं कंबर धरून बसलेले. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे तीन गट केले. पहिल्याला चिनी पद्धतीने नेमक्या बिंदूंवर खोल सुया. दुसऱ्याला खोट्या सुया, म्हणजे बिंदू सोडून भलतीकडेच, जेमतेम एक ते तीन मिलिमीटर. तिसऱ्याला नेहमीचे उपचार: औषधं, फिजिओथेरपी, व्यायाम. सुया खऱ्या की खोट्या, हे रुग्णाला सांगितलं नव्हतं.

सहा महिन्यांनी ठरलेल्या मापाने फरक पडलेले रुग्ण असे: खऱ्या सुया ४७.६ टक्के, खोट्या सुया ४४.२ टक्के, नेहमीचे उपचार २७.४ टक्के.

आता बोला! शास्त्रज्ञाने विचारलं, बिंदूंना काही अर्थ आहे का? उत्तर आलं, फारसा दिसत नाही. विमावाल्याने विचारलं, नेहमीच्या उपचारांपेक्षा बरं आहे का? उत्तर आलं, हो, बरंच. आकडे तेच, प्रश्न दोन. गुडघ्याचं चित्रही असंच निघालं.

अर्धशिशीच्या चाचणीत मात्र खऱ्या सुया ४७, खोट्या ३९ आणि रोजच्या प्रतिबंधक गोळ्या ४० टक्के. हा फरक योगायोगानेही पडू शकतो इतका लहान. म्हणजे सुया गोळ्यांहून वाईट नव्हत्या, पण सरस ठरल्या नाहीत. एप्रिल २००६ मध्ये समितीने निर्णय दिला आणि १ जानेवारी २००७ पासून कंबर आणि गुडघा विम्यात आले. डोकं बाहेर राहिलं.

यावर टीका झाली, आणि ती रास्त आहे. तिसऱ्या गटाला माहीत होतं की आपल्याला सुया मिळाल्या नाहीत. आठ वर्षं ज्या गोळ्या-व्यायामाने भागलं नाही, तेच पुन्हा पदरी पडल्यावर माणूस हिरमुसणारच. म्हणजे सुया किती जिंकल्या आणि नेहमीचे उपचार किती हरले, हे या आकड्यांतून वेगळं काढता येत नाही. मला तर वाटतं, यातला सगळ्यात बोचरा आकडा २७.४ हाच आहे.

हे सगळं साताऱ्याला आईला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "त्यात नवीन काय? डॉक्टरच्या हाताला गुण असतो म्हणतात तो हाच." अर्धा तास कोणी शांतपणे आपल्या दुखण्याकडे लक्ष देतो, हाही उपचारच, असं तिचं म्हणणं. मी म्हटलं, पण मग सुईचं श्रेय सुईला देऊ नये. आणि हाताला गुण म्हणून कोणी कॅन्सरवर सुया टोचून पैसे उकळू लागला तर? त्यावर ती गप्प झाली. मीही.

असो. माझ्या दहा बैठका झाल्या. कंबर बरीच बरी आहे. सुईने, डॉक्टरीणबाईंनी, की त्या निमित्ताने आठवड्यातून दोनदा खुर्ची सोडून चालत गेलो म्हणून, ते कळायला मार्ग नाही. त्यासाठी माझ्यासारखे ११६१ आणखी लागतील.