शाळा आणि सातबारा

जोतीराव फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' प्रसिद्ध केली आणि ती अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली. निग्रो गुलामांच्या मुक्ततेसाठी त्यांनी दाखवलेल्या औदार्याचा तो गौरव होता. या अर्पणपत्रिकेचा उल्लेख आपल्याकडे वारंवार होतो. मला मात्र त्यापुढचा प्रश्न सोडत नव्हता. मुक्त झालेल्या माणसांनी दुसऱ्या दिवशी काय केले? ती कुठे राहिली, कुणाच्या जमिनीत पेरती झाली, त्यांची मुले कुठे शिकली? नोकरी सांभाळून मिळेल त्या वेळात, मिळेल ते वाचत गेलो, तेव्हा या प्रश्नाचे सर्वांत भरीव उत्तर मला एका लहानशा बेटावर सापडले.

अमेरिकेच्या साउथ कॅरोलायना राज्यात, ब्यूफर्ट गावाजवळ सेंट हेलेना नावाचे बेट आहे. (नेपोलियनला ठेवले होते ते सेंट हेलेना वेगळे.) खाड्या, दलदल, ओक वृक्षांवरून लोंबणारे शेवाळासारखे तंतू आणि लांब धाग्याच्या उंची कापसाचे मळे, असा हा मुलूख. कापूस पिकवणारे आफ्रिकी गुलाम संख्येने फार, गोरे मळेवाले थोडे. त्यामुळे इथल्या काळ्या माणसांची गुल्ला ही बोली, त्यांची गाणी, गवताच्या टोपल्या विणण्याची कला हे सारे टिकून राहिले.

७ नोव्हेंबर १८६१ रोजी उत्तरेच्या आरमाराने पोर्ट रॉयलची खाडी जिंकली. मळेवाले मिळेल त्या होडीने पळाले. आसपासच्या बेटांवर सुमारे दहा हजार गुलाम मागे राहिले. मालक गेलेले, पण कायद्याने अजून मुक्ती नाही, अशी ही विलक्षण अवस्था. त्यांना शिकवायला उत्तरेतून स्वयंसेवक आले. त्यांत फिलाडेल्फियाची लॉरा टाउन होती. एप्रिल १८६२ मध्ये ती बेटावर आली आणि जूनमध्ये तिने एका मळेवाल्याच्या घरातल्या मागच्या खोलीत वर्ग सुरू केला. पहिले विद्यार्थी नऊ, तेही सगळे प्रौढ. लवकरच तिची मैत्रीण एलेन मरी येऊन मिळाली. जागा अपुरी पडली तेव्हा शाळा विटांच्या चर्चमध्ये गेली. हे चर्च १८५५ मध्ये गुलामांच्याच हातांनी बांधलेले. त्याच वर्षीच्या शरद ऋतूत शार्लट फॉर्टन ही काळी शिक्षिका तिथे शिकवू लागली. तिने बेटावरच्या दिवसांवर लिहिलेला लेख १८६४ मध्ये 'अटलांटिक मंथली'त दोन भागांत छापून आला. पुढे पेनसिल्व्हेनियातल्या मदत संस्थेने फिलाडेल्फियाहून सुट्या भागांची तयार इमारतच जहाजाने पाठवली. शाळेला 'पेन' हे नाव पडले ते पेनसिल्व्हेनियावरून.

इथवरची कथा दानशूर पाहुण्यांची वाटते. खरी गोम पुढे आहे.

युद्धखर्चासाठी सरकारने जमिनीवर थेट कर बसवला होता. पळालेल्या मळेवाल्यांनी तो भरला नाही. त्यांच्या जमिनी सरकारजमा झाल्या आणि १८६३ पासून लिलावात निघाल्या. उत्तरेतल्या भांडवलवाल्यांनी त्यातला मोठा हिस्सा उचलला, पण काही जमीन मुक्त झालेल्या कुटुंबांसाठी राखली गेली आणि त्यांनी पै-पै जमवून दहा-दहा एकरांचे तुकडे विकत घेतले. १८६५ च्या जानेवारीत जनरल शर्मनने किनारपट्टीवर चाळीस-चाळीस एकर देण्याचा हुकूम काढला, तो प्रसिद्ध आहे. त्या वर्षअखेरपर्यंत अध्यक्ष जॉन्सन यांनी त्यातल्या बहुतेक जमिनी जुन्या मालकांना परत केल्या. सेंट हेलेनाचे तुकडे मात्र टिकले, कारण ते हुकमाने मिळालेले नव्हते. करविक्रीतून रीतसर खरेदी झाली होती, हातात कागद होता. पेन शाळेलाही जमीन मिळाली ती हेस्टिंग्ज गँट या काळ्या जमीनमालकाकडून. हा गँट पुढे राज्याच्या विधिमंडळातही गेला.

माझ्या मते या संस्थेच्या दीर्घायुष्याचे मूळ इथे आहे. मळ्यावर कुळ म्हणून राबणाऱ्याचे पोर कापूस वेचणीला शाळेतून काढले जाते, कारण तसे सांगणारा मालक असतो. सेंट हेलेनावर बाप स्वतःच धनी होता. मूल शाळेत पाठवायचे की नाही, हे तो ठरवू शकत होता.

पण शाळेत काय शिकवायचे, हे मात्र बेटकऱ्यांनी ठरवले नाही. टाउन बाईंनी उत्तरेतल्या चांगल्या शाळांसारखे वाचन, गणित, इतिहास शिकवले आणि शिक्षक घडवले. १८९३ च्या ऑगस्टमधल्या चक्रीवादळात या किनाऱ्यावर दोन हजारांवर माणसे मेली. १८९५ च्या राज्यघटनेने काळ्यांचा मताधिकार जवळजवळ संपवला. १९०१ मध्ये टाउन बाई वारल्या. त्यानंतर शाळा हॅम्प्टन संस्थेच्या धर्तीवर चालू लागली. रोसा कूली या मुख्याध्यापिकेच्या काळात शेती, सुतारकाम, लोहारकाम, टोपल्या विणणे यांना प्राधान्य आले. या धर्तीच्या शिक्षणावर डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांनी कडक टीका केली. काळ्या मुलांना हाताचे काम शिकवून नागरिकत्वाच्या हक्कापासून दूर ठेवले जाते, असा त्यांचा आक्षेप होता.

इथे पुन्हा जोतीराव आठवतात. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी प्राथमिक शाळेसाठी मोडी आणि बालबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास, भूगोल, व्याकरण यांबरोबर शेतीचे प्राथमिक ज्ञानही मागितले होते. त्यांना शेती हवी होती, पण अक्षराच्या जागी नव्हे, अक्षरासोबत. रयतेच्या पैशातून वरच्यांचे शिक्षण होते, ही त्यांची तक्रारही त्याच निवेदनात आहे. पेनमध्ये पैसा उत्तरेतल्या देणगीदारांचा होता. पैसा ज्याचा, अभ्यासक्रम त्याचा. हा नियम पुण्याला लागू होता, तसा ब्यूफर्टलाही.

तरीही कूलीबाईंच्या काळाला एकतर्फी दोष देता येत नाही. १९१९ च्या सुमारास बोंड पोखरणाऱ्या भुंग्याने लांब धाग्याचा कापूस संपवला, तेव्हा दुसरी पिके घेण्याचे ज्ञान बेटाच्या उपयोगी पडले. १९२७ मध्ये ब्यूफर्टशी पूल जोडला गेला आणि तरुण शहरांकडे निघाले. १९४८ मध्ये पेनची शाळा म्हणून ओळख संपली, मुले सरकारी शाळेत गेली. एखादी संस्था इथे मिटली असती. पेनने आवार राखले आणि काम बदलले. दक्षिणेत काळे-गोरे एकत्र बसून जेवू शकतील अशा जागा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या, त्यातली ही एक झाली. १९६० च्या दशकात मार्टिन ल्यूथर किंग आणि त्यांचे सहकारी इथे चिंतनशिबिरांसाठी येत. किंग राहत त्या छोट्या घराचे नाव गँट कॉटेज. जमीन देणाऱ्याचे नाव असे टिकले.

बोलीचेही तसेच. शाळेने पिढ्यान्‌पिढ्या शुद्ध इंग्रजी शिकवली. १९४९ मध्ये लोरेंझो टर्नर या काळ्या भाषाशास्त्रज्ञाने गुल्ला बोलीतला आफ्रिकी भाषांचा वारसा सिद्ध केला. आणि २००५ मध्ये नव्या कराराचे गुल्ला भाषांतर प्रसिद्ध झाले, त्याचे बरेचसे काम याच बेटावर झाले.

आज संस्थेसमोरचा प्रश्न पुन्हा जमिनीचाच आहे. पहिल्या खरेदीदारांपैकी बहुतेक मृत्युपत्र न करता गेले. कोर्टावर त्यांचा विश्वास नव्हता. जमीन सामाईक राहिली, वारस वाढत गेले. कोकणातल्या वाचकाला हे समजावून सांगायला नको. एका सातबाऱ्यावर तीस नावे, निम्मी मुंबईला, काही मयत, वारसनोंद राहून गेलेली! तिकडे फरक एवढाच, की दूरच्या एका वारसाचा हिस्सा घेऊन बिल्डर कोर्टात वाटप मागू शके आणि कोर्ट सगळी जमीन लिलावात काढू शके. शेजारच्या हिल्टन हेड बेटावर १९५६ मध्ये पूल झाला, मागोमाग गोल्फची मैदाने आली आणि काळी वस्ती आक्रसली. सेंट हेलेनावर तसे होऊ नये म्हणून १९९९ मध्ये काउंटीने तिथे गोल्फची मैदाने, रिसॉर्ट आणि कुंपणबंद वसाहतींना मनाई केली. २०१६ मध्ये राज्याने अशा लिलावांना आळा घालणारा कायदा केला. पेन संस्था वारसांना कागदपत्रे नीट करायला मदत करते. मागच्या खोलीत नऊ प्रौढांना अक्षरे शिकवून सुरू झालेली संस्था आज त्यांच्या पणतवंडांना खरेदीखत वाचायला शिकवते आहे, असे म्हणायला हरकत नाही.

२०१७ मध्ये या परिसराला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला. तो योग्यच. आपल्याकडच्या शंभरी गाठलेल्या शिक्षणसंस्थांच्या स्मरणिका मी आवडीने जमवतो. त्यांत इमारती, निकाल, देणगीदार सगळे असते. शाळा ज्यांच्यासाठी काढली, त्या गावकऱ्यांच्या जमिनींचे पुढे काय झाले, हे पान मला अजून एकाही स्मरणिकेत सापडलेले नाही. ते कुणीतरी लिहायला हवे. तलाठ्याचे दप्तर जागेवर आहे, आणि जुन्या नोंदी सांगू शकणारी माणसे अजून गावात आहेत.