जामीन आणि निर्दोषत्वाचे गृहीतक : टिळकांच्या दोन खटल्यांच्या निमित्ताने

आरोप सिद्ध होईपर्यंत आरोपीला निर्दोष मानावे, या तत्त्वाची खरी कसोटी निकालाच्या दिवशी लागत नाही. ती जामिनाच्या अर्जावर लागते. जामीन म्हणजे ठरल्या तारखेला न्यायालयात हजर राहण्याची हमी देऊन खटला संपेपर्यंत मिळणारी मोकळीक. ही हमी आरोपी जातमुचलक्यावर, म्हणजे स्वतः लिहून दिलेल्या बंधपत्रावर देतो, किंवा त्याच्यासाठी जामीनदार उभा राहतो. एकोणिसाव्या शतकातील फौजदारी प्रक्रिया संहितेने गुन्ह्यांचे जामीनपात्र आणि अजामीनपात्र असे दोन वर्ग केले. पहिल्या वर्गात जामीन हा आरोपीचा हक्क होता; दुसऱ्या वर्गात, आरोपीने गुन्हा केला असे मानण्यास सबळ कारण दिसल्यास त्याला सोडू नये असे दंडाधिकाऱ्यावर बंधन होते, तर उच्च न्यायालयाला कोणत्याही प्रकरणात जामीन देण्याची मुभा होती. एवढ्या मोकळ्या अधिकाराचे काय होऊ शकते, हे लोकमान्य टिळकांच्या दोन राजद्रोह खटल्यांत स्पष्ट दिसते.

पुण्यातील प्लेग अधिकारी रँड याच्यावरील हल्ल्यानंतर महिन्याहून थोड्या अधिक काळाने, 27 जुलै 1897 रोजी, ‘केसरी’तील लेखनाबद्दल टिळकांना भारतीय दंड संहितेच्या कलम 124-अ खाली अटक झाली. दंडाधिकाऱ्याने जामीन नाकारला आणि उच्च न्यायालयातील पहिला अर्जही फेटाळला गेला. मात्र प्रकरण सत्र न्यायासनाकडे वर्ग झाल्यावर बॅरिस्टर दिनशा दावर यांनी पुन्हा केलेला अर्ज न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी यांनी मंजूर केला. आरोपी खटल्याला हजर राहील की नाही, हाच जामिनाचा मुख्य प्रश्न आहे, आणि तुरुंगात डांबलेला माणूस पुढे निर्दोष ठरला तर न्यायाचा हेतूच विफल होईल, अशी त्यांची विचारसरणी होती. टिळक सप्टेंबरमध्ये खटल्याला हजर राहिले. नऊ ज्यूरींपैकी सहांनी त्यांना दोषी ठरवले आणि अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. शिक्षा झाली म्हणून जामीन चुकीचा ठरला नाही, कारण ज्या हमीवर तो दिला होता ती पूर्णपणे पाळली गेली होती.

24 जून 1908 रोजी टिळकांना पुन्हा अटक झाली, तेव्हा दावर हेच उच्च न्यायालयाचे न्यायाधीश होते आणि जामिनासाठी बॅरिस्टर महंमद अली जीना उभे होते. अकरा वर्षांपूर्वी स्वतः दावरांनी ज्या आरोपीची बाजू मांडली होती, त्याचाच अर्ज या वेळी त्यांनी फेटाळला आणि कारणे देणेही टाळले. टिळकांना आपल्या बचावाची तयारी कोठडीतूनच करावी लागली. सातविरुद्ध दोन अशा ज्यूरीच्या मतानंतर त्यांना सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा झाली आणि ती त्यांनी मंडालेत भोगली. जामीन देण्याचा उच्च न्यायालयाचा अधिकार दोन्ही वेळी सारखाच होता आणि आरोपीही एकच होता. मात्र पहिल्या आदेशामागची कारणे आजही तपासता येतात, तर दुसऱ्या आदेशामागची कारणे कोणालाच तपासता येत नाहीत.

स्वातंत्र्यानंतर न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी 1977 मध्ये जामीन हा नियम आणि तुरुंग हा अपवाद अशी भूमिका मांडली, तर 1979 च्या हुसैनारा खातून प्रकरणात बिहारमधील कच्च्या कैद्यांची, म्हणजे खटला चालू असतानाच कोठडीत राहिलेल्यांची, दैना सर्वोच्च न्यायालयासमोर आली. परंतु याच काळानंतर कायद्याचा प्रवाह उलटा वळला. महाराष्ट्राच्या 1999 च्या संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्यात, म्हणजेच मकोकात, आरोपी दोषी नाही असे मानण्यास सबळ कारण आहे आणि सुटल्यावर तो गुन्हा करणार नाही, अशी न्यायालयाची खात्री झाल्याखेरीज जामीन देऊ नये अशी अट आहे. म्हणजे जे सिद्ध करण्याचा भार खटल्यात सरकार पक्षावर असतो, त्याच्या उलट बाजूची खात्री साक्षीपुरावा होण्याआधीच आरोपीने पटवून द्यायची असते. या अटीचा अर्थ आरोपी निर्दोष असल्याचा ठाम निष्कर्ष काढावा असा होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये रणजितसिंग शर्मा प्रकरणात स्पष्ट केले, तरी अट कायमच राहिली.

गंभीर गुन्ह्यांत साक्षीदारांना धमकावले जाण्याचे किंवा आरोपी फरार होण्याचे भय खोटे नसते, आणि ते दिसल्यास जामीन नाकारणे न्याय्यच असते. मात्र ते भय पुराव्याने दाखवले गेले पाहिजे आणि आदेशात लिहिले गेले पाहिजे. आरोपाचे गांभीर्य हाच पुरावा मानला, तर शिक्षा खटल्याआधीच सुरू होते आणि नंतरची निर्दोष सुटका गेलेली वर्षे परत देऊ शकत नाही.